लाईट आली की घाबरणारे साडू

जगात भित्री माणसं पुष्कळ असतील. पण भीतीला पाहुण्यासारखं पाट मांडून बसवणारा, तिची विचारपूस करणारा, आणि तिचं समाधान झाल्याशिवाय कामाला हात न लावणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शनिशिंगणापुरात घर, जवळच्या एका हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक, आणि उरलेल्या वेळात जिगसॉ मशीनवर प्लायची अक्षरं, खिडक्यांच्या जाळ्या आणि देव्हाऱ्यांच्या महिरपी कापणारे. जिगसॉ म्हणजे इस्त्रीएवढं, हातात धरून चालवायचं विजेचं मशीन. त्याच्या पोटातून बोटभर लांबीचं दातेरी ब्लेड खाली लोंबतं आणि बटन दाबलं की शिवणयंत्राच्या सुईसारखं खालीवर नाचतं. इतर लोक आवडीच्या गोष्टीचा छंद लावून घेतात. आमच्या साडूंनी ज्या वस्तूला ते सगळ्यात जास्त घाबरतात, नेमका तिचाच लावून घेतला.

मी एकदा विचारलंही, "भाऊ, एवढी भीती वाटते तर चालवता कशाला?"

तेव्हा ते म्हणाले, "वाटती म्हणून तर चालवतो, पाव्हणं. ज्या दिवशी वाटणार न्हाई त्या दिवशी हे मशीन तुमच्या घरी आणून ठेवीन."

मी सोनईला राहतो. कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी, थोडी जमीन, एक विहीर. बोलणं कमी. लोक याला माझा स्वभाव समजतात. खरी गोष्ट अशी, की चूक कबूल करायची वेळ आली की माझी जीभ जड होते, आणि बाकीच्या वेळी ती मुळातच जड असल्याचं मी दाखवतो. साडूंची नक्कल करताना मात्र ती भलतीच सैल सुटायची. लग्नाकार्यात पंगत उठली की सासरची मंडळी मला गराडा घालायची, "पाव्हणं, दाजींचं करून दाखवा की!" मग एरवी कोपऱ्यात बसणारा मी टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहायचो. या लिहिण्याचं मूळ त्या नकलेत आहे, म्हणून आधी नकलेत काय काय असायचं ते सांगतो.

साडूंचं कापणं पाच मिनिटांचं असलं तरी त्याची तयारी पुरणपोळीच्या स्वयंपाकासारखी सकाळपासून चालायची. पहिल्यांदा घड्याळ काढायचं. मग अंगठी. मग शर्टाच्या बाह्या दुमडायच्या, दुमडलेल्या बाह्यांना रबर लावायचं. शर्टाचं टोक पँटीत. मनगटावर देवाचा काळा दोरा होता, तो सरकवून थेट दंडापर्यंत न्यायचा. अक्का, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, एकदा म्हणाल्या, "अहो, देवाचा दोरा हाय त्यो, ऱ्हाऊ द्या की जागंवर." तर साडू म्हणाले, "देवाला कळतं गं त्यो कशाचा हाय. ब्लेडला कळत न्हाई." गॉगल ते शेवटी लावत. गॉगल लागला की घरात सगळ्यांना कळायचं, आता बोलायचं नाही.

मग प्लायखाली वाकून पाहणं. प्लायचा तुकडा टेबलाच्या कडेबाहेर काढून, दोन्ही बाजूंनी क्लॅम्पनं आवळून, साडू गुडघ्यावर बसत आणि टेबलाखाली बघून विहिरीत हाक मारावी तसे ओरडत, "खाली कोण हाय?" टेबलाखाली कोण असणार? पण त्यांचं म्हणणं, ब्लेड वरच्या फळीला कापतं तेवढंच आपल्याला दिसतं, खाली ते काय चावतंय ते दिसत नाही. याला कारण घडलेलं होतं. नवं नवं मशीन घेतलं तेव्हा त्यांनी एका महिरपीबरोबर खाली ठेवलेल्या स्टुलाची कडही मोठ्या सफाईनं, महिरपीच्याच आकारात कापली होती. अक्कांच्या माहेरचं स्टूल. ते अजून त्यांच्या घरात आहे, एका बाजूनं महिरपीचं. तेव्हापासून खाली हाक मारल्याशिवाय बटन नाही, आणि फळीच्या खाली हात तर कधीच नाही. फळी खालून धरायचीच असेल तर लाकडाचा ठोकळा लावायचा.

पुढची तऱ्हा अक्षरांची. हे ब्लेड वर येताना कापतं, त्यामुळे फळीचं वरचं अंग जरा उसवतं, त्याला काड्या निघतात. म्हणून चांगलं अंग खाली ठेवायचं आणि मागच्या बाजूनं कापायचं. मागून कापायचं म्हणजे अक्षरंही उलटी काढायची, आरशात दिसतात तशी. साडू ती खडूनं सरसर काढायचे. एके दिवशी शेजारच्या मावशी विरजण मागायला आल्या. मागच्या खोलीत टेबलावर एक काळसर फळी, तिच्यावर कुणालाच वाचता येऊ नयेत अशी अक्षरं, शेजारी टोकदार ब्लेडं मांडलेली, आणि समोर गॉगल लावलेले, दंडाला काळा दोरा बांधलेले मास्तर. मावशी विरजण न घेता परत गेल्या. संध्याकाळी येऊन त्यांनी अक्कांना बाजूला घेऊन विचारलं, "मास्तरांनी हे कुणावर मांडलंय?" दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीच्या चौकटीवर लिंबू-मिरची टांगलेली होती. साडूंनी ती काढली नाही. म्हणाले, "असू द्या. मशीनला बी दृष्ट लागत असंल."

चौकटीचं निघालंच म्हणून सांगतो. गावातल्या बाकीच्या घरांसारखं याही घराला दार नाही. पडदा आहे, चौकट आहे. कुणीही हाक न मारता आत यावं. बाकी गावाला याचं काही वाटत नाही, पण साडूंच्या काळजात त्यानं कायमचं घर केलं होतं. मशीन चालू असताना मागून येऊन कुणी खांद्यावर हात ठेवला तर? कुणी नुसतं "मास्तर" म्हणालं आणि आपण मान वळवली तर? म्हणून कापायच्या वेळी चौकटीत लाल प्लास्टिकची खुर्ची आडवी टाकली जायची आणि खुर्चीवर खुद्द अक्का बसायच्या, गहू निवडत. त्यांच्या मुलीला पाहायला मंडळी आली तो दिवस मला आठवतो. मंडळी ठरल्यापेक्षा लवकर आली. आत साडू महिरपीच्या ऐन वळणावर होते. अक्कांनी पाहुण्यांना बघून पदर सावरला, पण खुर्ची सोडली नाही. "या, बसा," म्हणाल्या, आणि मग गडबडून, "म्हंजे तिथंच जरा उभं ऱ्हावा. ब्लेड थांबू द्या." मुलाचे वडील, आई, मामा, सगळे अंगणात उन्हात उभे. आतून आवाज थांबला. मुलाचे वडील पाऊल उचलणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "अजून न्हाई. बटन सोडलं तरी ते जरा वेळ हलतं." खरंच, साडू बटन सोडल्यावरही मशीन फळीवर तसंच दाबून धरायचे, आणि तान्ह्या पोराला थोपटावं तशा आवाजात मशीनला विचारायचे, "झोपलं का?" ते पुरतं निपचित झालं की मगच उचलायचे. मुलाचे वडील अंगणातून, खिडकीतून हे सगळं बघत होते. परत जाताना म्हणाले, "मुलीचा बाप एवढा जपून वागतो, म्हटल्यावर आम्हाला अजून काय पाहायचं राहिलं?" लग्न जमलं.

पण या सगळ्याहून मोठी त्यांची भीती निराळीच होती, आणि ती आमच्या भागात कुणालाच समजत नव्हती. लाईट गेली की सगळे वैतागतात, आली की खूश होतात. साडूंचं उलटं. लाईट गेली की ते निवांत. ती येणार म्हटलं की त्यांची घाबरगुंडी. लाईट गेल्याबरोबर ते घरभर फिरून सगळी बटनं बंद करत आणि मशीनचा प्लग भिंतीतून उपटून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवत. आम्हा शेतकऱ्यांना हे चमत्कारिक वाटायचं. आमची सवय अशी, की विहिरीवरच्या मोटरचं बटन चालूच ठेवायचं, ऑटो लावून ठेवायचा. लाईट केव्हा येईल त्याचा नेम नाही. आली की मोटर आपोआप सुरू झाली पाहिजे, पाणी वाया जाता कामा नये. लाईट गेल्यावर बटन बंद करणाऱ्याला आमच्याकडे अडाणी समजतात. मी तसं साडूंना म्हटलंही होतं.

"तुमच्या मोटरला दात न्हाईत," ते म्हणाले. "लाईट जाती तवा आपल्याला ठाऊक असतं की गेली. येती तवा ती सांगून येत न्हाई. त्या वक्ताला आपला हात कुठं असंल, कुणाला ठाऊक?"

नकलेत मी हे वाक्य सगळ्यात शेवटी घ्यायचो. लोक पोट धरून हसायचे.

मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो होतो. मी, माझी बायको, तिचा भाऊ, आणखी चारदोन माणसं. मांडवात मागच्या पडद्यावर लावायला मुलीचं आणि जावयाचं नाव साडू प्लायमध्ये कापत होते. सकाळपासून त्यांची दोनच अक्षरं झाली होती. वळण आलं की ते मशीन ढकलत नसत. ढकललं की ब्लेड खालून वाकतं, वर अक्षर सरळ दिसतं आणि खाली तिरकं निघतं. तेव्हा आपण फक्त दिशा द्यायची, चालायचं ते ब्लेडनं. अक्षराच्या पोटातला भाग काढायचा तर आधी ड्रिलनं भोक पाडून त्यातून ब्लेड आत सोडायचं. सगळं रीतसर. माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, या वेगानं साखरपुडा उरकून बारसं यायचं."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "भाऊ, एक अक्षर मला द्या की. एवढं काय असतंय त्यात?"

साडू उठले. मग त्यांनी माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं, बाह्या दुमडून दिल्या, स्वतःचा गॉगल माझ्या डोळ्यांवर चढवला. "बूड फळीवर टेकलं पायजे. आधी टेकवा, मग चालू करा, वेग आला की पुढं सरका. दोन्ही हात वर." मला जावयाच्या नावातला 'ग' मिळाला.

आता बघणाऱ्यांसमोर माझी ऐट वाढली. या मशीनचं चालू बटन बोटानं दाबून धरावं लागतं, सोडलं की ते थांबतं. बोट दुखू नये म्हणून बगलेला एक बारीक लॉकचं बटन असतं. ते अंगठ्यानं दाबलं की मशीन आपलं आपण चालू राहतं. साडू त्या बटनाला कधीच हात लावत नाहीत. मी लावला. मला वाटलं, हे आपल्या मोटरच्या ऑटोसारखंच की. 'ग'चं कमरेपर्यंत कापून झालं आणि लाईट गेली. मशीन गप्प झालं. मी ते फळीतून उपसून टेबलावर आडवं ठेवलं आणि घाम पुसत बाहेर निघालो.

साडू बाकीच्या खोल्यांची बटनं बंद करायला आत चालले होते. जाता जाता त्यांनी विचारलं, "पाव्हणं, प्लग काढला का?"

"हो," मी म्हणालो.

खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो. जेवलात का म्हटलं की आपण हो म्हणतो, तसं म्हणालो. तोंडातून आलं. त्यांना ते पुरलं. माझ्या शब्दावर ते पुढं गेले.

अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. चहा आला. मेहुणा म्हणाला, "पाव्हणं, आता दाजी आत हायेत तोवर होऊन जाऊ द्या." मी उभा राहिलो. रंगात होतोच. खुर्चीखाली वाकून "खाली कोण हाय?" केलं. हशा. दोरा दंडावर चढवला. हशा. मग हवेतच मशीन धरलं, दोन्ही हातांनी, तोंडानं घर्रर आवाज काढत पुढं सरकलो, आणि माझा उजवा अंगठा आपोआप हवेतल्या मशीनच्या बगलेला दाबला गेला.

तेव्हा मला आठवलं.

मशीन लॉक आहे. प्लग भिंतीत आहे. बटन चालू आहे. अंगणातून मागच्या खोलीची खिडकी दिसते. खिडकीच्या उजेडात साडू उभे होते. माझा तिरका 'ग' बघून त्यांनी ठरवलं असावं, की याला आता वळणाचं बारीक ब्लेड लावून दुरुस्त करावं. त्यांनी मशीन पोटाशी धरलं होतं आणि जुनं ब्लेड काढायला दोन बोटांच्या चिमटीत पकडलं होतं.

सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यात माझ्या बोलण्यावर माणसं एवढी हसतील असं मला कधी वाटलं नव्हतं. आता थांबून "भाऊ, मी प्लग काढला नाही" असं ओरडायचं, म्हणजे ज्याची टिंगल चालली होती तोच शहाणा ठरणार आणि मी सगळ्यांदेखत येडा. मी खुर्चीच्या हातावरचा चहाचा कप उचलला आणि एक घोट घेतला.

लाईटीचा काही भरवसा नव्हता, हे मला त्या घोटाच्या वेळी पुरतं माहीत होतं. चहा गोड होता तेही आठवतं. मान वर केली तर साडूंचा अंगठा ब्लेडवर होता. मग कप हातातून सुटला आणि मी ओरडलो, "भाऊ, हात काढा! प्लग आत आहे!"

साडूंनी हात काढला नाही. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. तुम्ही तर हो म्हणाला होता ना, असं. माझी बायको किंचाळली, "दाजी!" तेव्हा त्यांनी मशीन टेबलावर टाकलं. आणि शेजारच्या रानातल्या सगळ्या मोटरी एकदम गुरगुरल्या.

लाईट आली होती.

मशीन टेबलावर चवताळून उठलं. आडवंच, दात बाहेर, टेबलभर थयथयत सरकलं, अर्धवट 'ग'ला धडकलं, कडेवरून घसरलं आणि आपल्याच वायरीला लोंबकळत गुडघ्याच्या उंचीवर हवेत झोके खात राहिलं, कापायला काही मिळतंय का बघत. जवळ जायची कुणाचीच छाती होईना. मी सगळ्यात लांब उभा होतो. शेवटी साडूच भिंतीला पाठ लावून, पाय घासत घासत बोर्डापर्यंत गेले आणि त्यांनी प्लग उपटला. मग खाली बसले. उजवा हात त्यांनी डाव्या काखेत घालून ठेवला होता, थंडी वाजल्यासारखा. बराच वेळ तो बाहेर काढला नाही.

अक्का धावत आल्या. हात ओढून बघितला. सगळी बोटं होती. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पाव्हणं, तुमी तर व्हय म्हणालात की!"

"विसरलो," मी म्हणालो.

मेहुणा म्हणाला, "अक्का, रागावती काय? पाव्हण्यांना टायमावर आठवलं म्हणून तर हात वाचला!"

आणि ते तसंच ठरून गेलं. दुसऱ्या दिवशी साखरपुड्यात मानाच्या टॉवेल-टोप्या देताना माझं नाव पुकारलं गेलं, का, तर मी मुलीच्या बापाचा हात वाचवला. टोपी डोक्यावर घालून मी बसलो. मागं पडद्यावर नावं होती, ती बाजारातून ऐनवेळी आणलेल्या थर्माकोलची. साडू पाहुण्यांना पाणी हवं-नको विचारत फिरत होते. माझ्याजवळ आले, तेव्हाही तेवढंच विचारलं.

त्यानंतर त्यांनी मशीन चालवलं नाही. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण माझी बायको बहिणीला फोन करायची तेव्हा मी कान देऊन ऐकायचो. मशीन पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलंय. लाल खुर्ची अंगणात गेली. देव्हाऱ्याची महिरप करून द्या म्हणून कुणी आलं तर साडू म्हणतात, आता होत नाही. अक्का सांगायच्या, "आगं, आधी भ्यायचे तवा बोलायचे तरी. आता नुसतं गप बसून भ्यात्यात." मी फोनपासून उठून विहिरीवर जायचो आणि मोटरचं बटन बंद करून यायचो. उन्हाळाभर माझा अर्धा ऊस त्यापायी तहानलेला राहिला. लाईट यायची, मोटर सुरू व्हायची नाही, आणि बायको विचारायची, "तुम्हाला झालंय तरी काय?" मी सांगत नव्हतो. त्या दिवसांत मला कळलं, की ते घड्याळ, तो दोरा, ते टेबलाखाली हाका मारणं म्हणजे भीती नव्हे. ती भीतीला वेसण होती. आधीच सगळं घाबरून घेतल्यामुळे कापताना त्यांचा हात कधी थरथरत नसे. ती वेसण माझ्या एका घोटानं तुटली होती.

तुरी निघाल्यावर डाळीची पिशवी घेऊन मी शिंगणापूरला गेलो. साडू ओट्यावर मुलांच्या चित्रांच्या वह्या तपासत बसले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि बसायच्या आधीच बोललो, नाहीतर बोलणं झालंच नसतं.

"भाऊ, मी विसरलो नव्हतो. म्हणजे आधी विसरलो होतो, पण मग आठवलं. तुमचा हात ब्लेडवर होता तेव्हा मला आठवलं होतं. मी लगेच ओरडलो नाही. चहाचा घोट घेतला."

त्यांनी वही मिटली. "का?"

"लोक हसत होते."

"कशाला?"

"मी नक्कल करत होतो. तुमची."

"माझी? कशी करता?"

मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. पण ते वाट बघत होते, वर्गात पोराला फळ्याजवळ उभं केल्यासारखी. शेवटी मी उभा राहिलो. कुणी हसणारं नसताना नक्कल करणं किती भयंकर असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. घड्याळ काढलं. अंगठी काढली. बाह्या दुमडल्या. गॉगल लावल्यासारखं केलं. खाली वाकलो. "खाली कोण हाय?" म्हणताना माझा आवाज फाटला.

"चुकलं," साडू म्हणाले. "गॉगल नंतर. आधी खाली बघायचं. गॉगल लावून खालचं नीट दिसत न्हाई."

आतून अक्का फिसकन हसल्या. साडू हसले नाहीत.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मी आजवर लाईटीला भीत हुतो. तिला तोंड न्हाई, तिनं कसं सांगावं की मी आले म्हणून. तुम्हाला तर तोंड हुतं."

अक्कांनी चहा आणून ठेवला. मी कपाकडे बघत राहिलो. माझा हात पुढे होईना.

"घ्या," साडू म्हणाले. "लाईट हाय आत्ता."

त्यावर मी हसावं की रडावं, मला कळलं नाही. चहा घेतला, निघालो. ते ओट्यापर्यंतच आले, गाडीपर्यंत नाही.

परवा रविवारी बायकोनं अक्कांसाठी लोणच्याची बरणी दिली, ती पोचवायला गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद केली आणि तो आवाज ऐकू आला. घर्रर. खरं सांगतो, आनंद मागून आला. आधी अंगावर काटाच आला. चौकटीत लाल खुर्ची होती, तिच्यावर अक्का होत्या, सुपात गहू. त्यांनी मला बघून तोंडावर बोट ठेवलं आणि खुर्चीजवळची पायरी दाखवली. मी बरणी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. आवाज वळणापाशी बारीक व्हायचा, पुन्हा भरायचा. मध्येच लाईट जाईल की काय, म्हणून मी वर तारांकडे बघत होतो, जणू बघून ती थांबणार होती. अक्का गहू निवडायचं सोडून माझ्याकडे बघत होत्या.

आवाज थांबला. आम्ही दोघंही हललो नाही. मग आतून चपला वाजल्या आणि साडू चौकटीत आले. गॉगल कपाळावर, भुवयांवर भुसा. त्यांनी मला पाहिलं. "बंद हाय" म्हणाले नाहीत, "या" म्हणाले नाहीत. मागं गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात वायरीचं टोक होतं. प्लग. त्याच्या तिन्ही पिना माझ्याकडे करून त्यांनी तो मला नीट दिसेल असा वर धरला, माझी नजर त्यावर पडेपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, "आता या आत."

मी गेलो. नवी महिरप पाहिली. छान झाली होती. पण आमच्यात पूर्वी नुसत्या 'हो'वर भागायचं, ते तेवढं आता राहिलं नाही.